बी.कॉम. आणि आर्टिकलशिप एकत्र: जमतं का? (एपिसोडचा मजकूर)

सीबीएसला बसची वाट बघत असाल तर हेडफोन लावा. आजचा विषय जरा वेळापत्रकाचा आहे.

सिन्नरच्या एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. ‘ताई, मी सीए इंटर पास झाले. आता आर्टिकलशिप सुरू करायचीय. मी एसवाय बी.कॉम.ला आहे. घरचे म्हणतात, कॉलेज सोड, सीए झाल्यावर डिग्री कोण विचारतं?’

माझं उत्तर आधीच सांगते: सोडू नकोस. सीए फायनल पहिल्या झटक्यात निघालीच तर छान. पण हुशार मुलांनाही तीन-तीन, चार-चार प्रयत्न लागतात. तेवढ्यात बँकेची परीक्षा द्यावीशी वाटली, एमपीएससी द्यावीशी वाटली, एमबीए करावंसं वाटलं, तर तिथे पहिला प्रश्न ‘पदवी आहे का?’ हाच असतो. इंटर पास, आर्टिकलशिप पूर्ण, पण कागदोपत्री फक्त बारावी, अशी वेळ येऊ देऊ नका.

आता मुख्य अडचण. ब्रिटनमध्ये 2015 पासून डिग्री अप्रेंटिसशिप नावाचा प्रकार आहे. त्यात विद्यापीठ आणि कंपनी मिळून मुलाचं वेळापत्रक बसवतात. आपल्याकडेही यूजीसीने पदवीतच अप्रेंटिसशिप बसवणाऱ्या कोर्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. पण सीएच्या वाटेवर तसं नाही. कॉलेज विद्यापीठाचं ऐकतं, ऑफिस आयसीएआयचं ऐकतं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मधला दुवा म्हणजे तुम्हीच!

हे मला उशिरा कळलं. मी टीवायला होते. सकाळी कॉलेज, मग ऑफिस. सप्टेंबर उजाडला. टॅक्स ऑडिटची तारीख 30 सप्टेंबर, म्हणून ऑफिसात फायलींचे ढीग. त्याच आठवड्यात कॉलेजची इंटर्नल परीक्षा होती. मी सरांना सांगितलंच नाही. म्हटलं, बघू, नंतर देता येईल. नाही देता आली. निकालात एका विषयात एटीकेटी. विषय कोणता? ऑडिटिंग! दिवसभर ऑडिट करणारी मुलगी ऑडिटिंगमध्ये नापास. आई हसली, बाबा नाही हसले.

चूक माझीच होती. दोन्हीकडच्या तारखा मला माहीत होत्या, पण त्या मी एका कागदावर कधी मांडल्याच नव्हत्या.

म्हणून पहिलं काम: एक मोठं कॅलेंडर घ्या. त्यावर ऑफिसच्या तारखा लाल पेनाने लिहा. दर महिन्याला जीएसटीच्या 11 आणि 20 तारखा, 30 सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट, 31 मार्चचा स्टॉक, एप्रिलमधलं बँक ब्रँच ऑडिट. मग निळ्या पेनाने कॉलेजच्या परीक्षा. सेमिस्टर परीक्षा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मेमध्ये येतात. लाल-निळं कुठे भिडतं ते लगेच दिसेल. ते पान सरांना जूनमध्येच दाखवा. आदल्या दिवशी मागितलेली सुट्टी कुणालाच आवडत नाही.

रजेचं तर आता फारच जपून. 2023 च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. ऐकायला गोड. पण रजाही कमी झाल्या: वर्षाला 12, म्हणजे दोन वर्षांत 24. फायनलच्या अभ्यासासाठी आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिने मिळतात, ते वेगळे. म्हणजे त्या 24 दिवसांतच पदवीच्या परीक्षा, घरातली लग्नं आणि आजारपण बसवायचं.

दुसरं काम: फॉर्म 112. आर्टिकलशिप करताना पदवी शिकायची तर आयसीएआयची परवानगी लागते, ती या फॉर्मने. कॉलेजची वेळ आणि ऑफिसची वेळ एकमेकांवर येता कामा नये, हा त्यामागचा मुद्दा. आर्टिकलशिपचे तास आठवड्याला 35. फॉर्म मुदतीत भरा, पोचपावती जपून ठेवा.

तिसरं काम: पदवी कुठून, हे प्रामाणिकपणे ठरवा. सकाळचं कॉलेज जवळ असेल आणि 75 टक्के हजेरी खरंच जमणार असेल, तर रेग्युलर करा. रोज सिन्नर-नाशिक एसटी करणार असाल, तर मुक्त विद्यापीठ कमीपणाचं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आपल्या नाशिकमध्येच आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नोकरीसाठी रेग्युलरच्या बरोबरीचीच धरली जाते.

आणि हो, नव्या शैक्षणिक धोरणात बी.कॉम.ला चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. आर्टिकलशिपचं काम त्यात धरतील का, हे कॉलेजला लेखी विचारा.

कुणी म्हणेल, ‘एवढी धावपळ कशाला? फक्त सही करणारे सर शोध, घरी बसून अभ्यास कर.’ याला डमी आर्टिकलशिप म्हणतात. ते नियमाबाहेर आहेच, शिवाय नुकसान तुमचंच आहे.

कसं, ते सांगते. ‘कट-ऑफ’ हा शब्द मी पुस्तकात चारदा वाचला होता. कळला मात्र 31 मार्चला, अंबडच्या एका कारखान्यात. गोदामात माल मोजत होते. रजिस्टरपेक्षा बारा पेट्या जास्त निघाल्या. मला वाटलं, मोजणीत चुकले. परत मोजलं, तेवढ्याच. मग स्टोअरवाले काका म्हणाले, ‘पोरी, तो माल आज दुपारी आलाय. बिल एप्रिलमध्ये चढेल.’ माल या वर्षात, खरेदी पुढच्या वर्षात! म्हणजे या वर्षीचा नफा फुगणार. कट-ऑफ तपासायचा तो यासाठीच. पुढे एटीकेटीच्या पेपरात याच मुद्द्यावर प्रश्न आला. मला पाठांतर आठवावंच लागलं नाही, त्या पेट्या डोळ्यांसमोर होत्या.

तर सिन्नरच्या मैत्रिणी, स्टायपेंड थोडाच असेल, त्यातला बराचसा एसटीच्या पासात जाईल. पहिले सहा महिने झोप कमी पडेल. तरी कॉलेज सोडू नकोस. आधी ते कॅलेंडर बनव, आणि घरच्यांनाही दाखव. त्यांना काळजी तुझ्या दमण्याची आहे. सगळं कागदावर दिसलं की त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, निळं पेन शोधा!