वृक्षांचे पेन्सिलचित्र : एक परिपूर्ण कलाकृती

पेन्सिलीने काढलेले चित्र म्हणजे रंगचित्राची पूर्वतयारी, असा समज सर्वत्र आढळतो. शिसपेन्सिलीच्या नावातही असाच एक गैरसमज दडलेला आहे. तिच्यात शिसे मुळीच नसते. तिची कांडी ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनच्या एका रूपाची असते. फ्रान्समध्ये निकोला-झाक काँते यांनी १७९५ साली ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून कांड्या भाजण्याची पद्धत रूढ केली. माती अधिक असल्यास रेघ फिकट व रेखीव उमटते. कमी असल्यास मऊ व काळीभोर. पेन्सिलीवरील ‘एच’ व ‘बी’ ही अक्षरे हाच भेद दर्शवितात.

वृक्षचित्रणास हा भेद विशेष उपकारक ठरतो. दूरच्या बारीक फांद्यांसाठी कठीण पेन्सिल, तर सालीतील भेगा व पर्णभारातील दाट छाया यांसाठी मऊ पेन्सिल वापरली जाते. उजेड निराळा काढावा लागत नाही. कोऱ्या राखलेल्या कागदातूनच तो प्रकट होतो. कुशल चित्रकार पान न् पान रेखाटीत बसत नाही. प्रथम खोडाचा तोल व फांद्यांची दिशा निश्चित करून तो पर्णसंभाराचे छायाप्रकाशमय पुंजके उभे करतो.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी १८१७ च्या ऑक्टोबरात ईस्ट बर्गहोल्ट येथील एल्म वृक्षांचे मोठे पेन्सिलचित्र काढले. त्यात करड्या व पांढऱ्या रंगाचा अल्पसा हात आहे. बाकी सारे सामर्थ्य पेन्सिलीचेच. हे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेले आहे. १८३६ साली हॅम्पस्टेड येथील व्याख्यानात त्यांनी एका अ‍ॅश वृक्षाचे रेखाचित्र श्रोत्यांना दाखविले. वृक्ष टवटवीत असताना ते काढलेले होते. पुढे त्याच्या खोडावर खिळ्यांनी सूचनाफलक ठोकण्यात आला व तो वृक्ष सुकत गेला, असे त्यांनी खेदाने सांगितले. १९७० नंतर बुरशीजन्य रोगाने ब्रिटनमधील कोट्यवधी एल्म वृक्षही नष्ट झाले. वृक्ष गेले तरी त्यांची ठेवण कागदावर राहिली.

आपल्याकडेही रस्ता रुंद होताना वेशीवरचा जुना वड एका दिवसात नाहीसा होतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील अशा वृक्षांची चित्रे काढून घ्यावीत व त्यांखाली वृक्षाचे नाव, स्थळ आणि दिनांक लिहावा. ग्रॅफाइट उजेडाने फिकट होत नाही, परंतु हाताने पुसटते. म्हणून चित्र काचेखाली ठेवावे. असे चित्र स्वतःच पूर्ण असते. त्यात रंग भरण्याची वाट पाहू नये.