केळीचे हिवाळी संरक्षण

केळ ही उष्ण व दमट प्रदेशातील वनस्पती थंडीच्या ऋतूत उघड्यावर टिकावी व तिचा घड निकोप निघावा म्हणून योजावयाचे उपाय. केळीचे वरवर दिसणारे खोड हे खरे खोड नसून पानांच्या आवरकांचा घट्ट वेढा असतो. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद होय. थंडीचा आघात प्रथम पानांवर, नंतर आभासी खोडावर व सर्वांत शेवटी कंदावर होतो. संरक्षणाच्या सर्व पद्धतींचा पाया या रचनेत आहे.

तापमान व वाढ : केळीस सु. २७°–३०° से. तापमान सर्वांत मानवते. ते १६° से. च्या खाली गेले की वाढ मंदावते आणि १०° से. च्या आसपास जवळजवळ थांबते. अनुकूल हवेत सात ते दहा दिवसांनी नवे पान येते. कडक थंडीत त्यास दोन-तीन आठवडे किंवा अधिक काळ लागतो. हिमतुषाराने पाने करपतात. तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली गेल्यास आभासी खोडही कुजते. मात्र मातीखालचा कंद जिवंत राहिल्यास वसंतात त्यास नवे मुनवे फुटतात.

शीत देशांतील पद्धती : यूरोप, जपान व उत्तर अमेरिका येथील थंड भागांत केळ मुख्यतः शोभेसाठी लावतात. तेथे म्यूसा बासजू ही काटक जाती विशेष प्रचारात आहे. पहिल्या हिमतुषारानंतर पाने छाटून आभासी खोडाभोवती गवताचा वा पेंढ्याचा जाड थर बांधतात, वरून पावसाचे पाणी शिरू नये अशी व्यवस्था करतात व बुंध्याशी पालापाचोळ्याचा ढीग घालतात. नाजूक जातींचे कंद खणून घरात कोरड्या जागी ठेवतात. कंद वाचला की या पद्धतीचा हेतू सफल होतो.

मराठवाड्यातील स्थिती : नांदेड जिल्ह्यात, विशेषतः अर्धापूर व मुदखेड तालुक्यांत, केळीचे पीक मोठ्या प्रमाणावर होते. ऊर्ध्व पैनगंगा व पूर्णा प्रकल्पांचे कालवे आणि विहिरी हा त्याचा आधार आहे. परभणी येथील कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) केळी संशोधन केंद्र नांदेड येथे आहे. अर्धापुरी, बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन इ. लागवडीतील वाण कॅव्हेंडिश गटातील आहेत. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंडीची लाट आली म्हणजे रात्रीचे किमान तापमान १०° से. च्याही खाली उतरते. निरभ्र रात्री जड, थंड हवा सखल भागात साचते; त्यामुळे पाण्याच्या सोयीसाठी निवडलेल्या ओढ्याकाठच्या व खोलगट जमिनींतच गारठा अधिक जाणवतो.

येथे थंडीने झाड सहसा मरत नाही, परंतु पीक बिघडते. खोडातून घड बाहेर पडण्याच्या म्हणजे निसवणीच्या वेळी गारठा असल्यास दांडा पुरेसा लांबत नाही व घड पानांच्या बेचक्यात अडकतो. खोडाच्या आत घडाची जडणघडण होत असताना थंडी पडल्यास पुढे निघणाऱ्या घडात फण्या कमी व फळे वेडीवाकडी येतात. भरणाऱ्या फळांस सु. १३° से. च्या खालील तापमान दीर्घकाळ सोसावे लागल्यास सालीखालील वाहिन्या तपकिरी होतात. असे फळ पिकल्यावर मळकट पिवळे दिसते व बाजारात त्यास कमी भाव मिळतो. फळ भरण्याचा काळही लांबतो.

उपाय : यांत लागवडीची वेळ सर्वांत महत्त्वाची होय. जून-जुलैतील मृगबागेत मुनव्यांपासून वाढविलेले झाड नऊ-दहा महिन्यांनी, म्हणजे थंडी ओसरल्यावर निसवते. तीच लागवड ऊतिसंवर्धित रोपांची असल्यास निसवण सात-आठ महिन्यांत होते व ती नेमकी जानेवारी-फेब्रुवारीच्या गारठ्यात सापडू शकते. ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या कांदेबागेत कोवळ्या रोपांची वाढ हिवाळ्यात खुंटते, पण निसवण उष्ण दिवसांत होते. म्हणून रोपाचा प्रकार बदलला की लागवडीचा महिनाही नव्याने ठरवावा लागतो.

उभ्या बागेत उत्तर व पश्चिम बाजूंस शेवरीचे वा उंच गवताचे दाट कुंपण वाऱ्याचा मारा कमी करते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असते व ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते. यासाठी रात्री किंवा पहाटे पाणी देतात. बुंध्याशी आच्छादन घालतात. घड केळीच्या वाळल्या पानांनी किंवा सच्छिद्र प्लॅस्टिक पिशवीने झाकतात. हिरवी पाने विनाकारण काढीत नाहीत. करपा रोगाने ग्रासलेली तेवढी काढून नष्ट करतात. कडेने केलेल्या धुराचा उपयोग वारा पडलेल्या रात्रीच व मर्यादित होतो.

पाण्याचा प्रश्न : थंडीने लांबलेले पीक कडक उन्हाळ्यात उभे राहते आणि त्यास अधिक पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. लातूर जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या पठारावर असून तेथील सिंचन मुख्यतः विहिरी, कूपनलिका व मांजरा खोऱ्यातील प्रकल्प यांवर अवलंबून आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा टंचाईच्या वर्षी रात्रीच्या पाण्याचा उपाय शेतकऱ्याच्या हाती उरत नाही आणि उशिरा तयार होणारा घड पोसण्यासही पाणी पुरत नाही. शीत देशांत कंद वाचविणे पुरेसे ठरते. मराठवाड्यात घड वेळेवर पक्व होणे आवश्यक असते. त्यामुळे येथील हिवाळी संरक्षणाची सुरुवात लागवडीचा महिना व उन्हाळ्यातील पाण्याचा अंदाज यांपासून करावी लागते.