यकृतातील अर्बुद आणि त्याचे मूळ

‘यकृतातील कर्करोग’ आणि ‘यकृताचा कर्करोग’ हे दोन शब्दप्रयोग बोलण्याच्या ओघात एकमेकांऐवजी सहज वापरले जातात. वस्तुतः पहिल्याने स्थान कळते, तर दुसऱ्याने मूळ. वैद्यकात हा भेद फार महत्त्वाचा होय. कारण कर्करोगाचे नाव तो जेथे आढळला त्या अवयवावरून नव्हे, तर ज्या पेशींपासून तो उत्पन्न झाला त्यांवरून ठरते. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला, तरी तो आतड्याचाच राहतो.

पित्तनलिकेच्या कर्करोगाशी तुलना करताना हा निर्णय विशेष कठीण होतो. पित्तनलिका यकृताच्या आतही असतात आणि तेथे मूळचे अर्बुद उद्भवू शकते. उलटपक्षी, आतड्यांतील रक्त प्रवेशिका नीलेवाटे यकृतात येत असल्यामुळे आतड्यातून सुटलेल्या पेशी पुष्कळदा येथेच रुजतात. दोन्ही अर्बुदे ग्रंथिरूप असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली सारखी भासू शकतात.

तथापि काही खुणा उपयोगी पडतात. आतड्याच्या अर्बुदातील पेशी उंच व स्तंभाकार असून ग्रंथींच्या पोकळीत मृत पेशींचा गाळ साचलेला असतो. पित्तनलिकेच्या अर्बुदात ग्रंथींभोवती दाट तंतुमय ऊतक विपुल असते. सीटी किंवा एमआरआय चित्रांत विखुरलेल्या अनेक गाठी दिसल्यास रोग अन्यत्रून आल्याचा संशय येतो. एकच मोठी गाठ, तिच्यापलीकडे रुंदावलेल्या नलिका आणि आत ओढला गेलेला यकृताचा पृष्ठभाग दिसल्यास पित्तनलिकेचा. परंतु आतड्याचा रोगही क्वचित पित्तनलिकेच्या आत वाढतो. रक्तातील सीईए व सीए १९-९ ही द्रव्ये तर दोन्ही रोगांत वाढू शकतात.

पेशींतील प्रथिने अधिक विश्वसनीय साक्ष देतात. १९८२ साली मॉल, फ्रांके व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी केरॅटिनांची क्रमवार सूची प्रसिद्ध केली. ती पुढे वाढत गेली. आतड्याच्या अर्बुदात बहुधा केरॅटिन २०, सीडीएक्स२ व सॅटबी२ आढळतात, केरॅटिन ७ आढळत नाही. पित्तनलिकेच्या अर्बुदात केरॅटिन ७ बहुधा असते. यकृतातील लहान पित्तनलिकांच्या अर्बुदात अल्ब्युमिनचा आरएनएही पुष्कळदा सापडतो. या नियमांना अपवाद आहेत: मोठ्या पित्तनलिकांची काही अर्बुदे आतड्याची लक्षणे धारण करतात, आणि केरॅटिन ७ स्वादुपिंडाच्या व जठराच्या अर्बुदांतही असते. म्हणून एकाच रंजनावर विसंबून न राहता अनेक रंजने, चित्रे, दुर्बिणीने केलेली आतड्याची तपासणी आणि रुग्णाचा पूर्वेतिहास यांचा एकत्र विचार करावा लागतो. पूर्वी आतड्याचा कर्करोग झालेल्या रुग्णास पुढे पित्तनलिकेचा स्वतंत्र कर्करोगही होऊ शकतो. अशा वेळी जुन्या व नव्या अर्बुदांचे काचपट्ट्यांवरील नमुने शेजारी ठेवून पाहणे इष्ट होय.

या श्रमांचे फळ उपचारांत दिसते. आतड्याच्या रोगात फ्लुओरोयुरासिलसह ऑक्झॅलिप्लॅटिन अथवा आयरिनोटेकॅन देतात, आणि निवडक रुग्णांत यकृतातील गाठी शस्त्रक्रियेने काढल्यास दीर्घ आयुष्य लाभू शकते. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या पित्तनलिकेच्या रोगात मात्र जेम्सायटाबिन व सिस्प्लॅटिन ही जोडी वापरतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ४१० रुग्णांच्या चाचणीत या जोडीने मध्यम आयुर्मान ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेले. नाव चुकले तर औषधही चुकते. आणि रुग्णापाशी ती चूक सुधारण्याइतका अवधी पुष्कळदा उरलेला नसतो.