एंजिन शीतन तंत्राची शुद्धी

एंजिन शीतन तंत्राची शुद्धी : मोटारगाडीच्या एंजिनातील सिलिंडर शीर्षाखालचे गॅस्केट निकामी झाल्यावर शीतन तंत्रात शिरलेले वंगण तेल व त्यापासून बनलेला गाळ काढून टाकण्याची क्रिया. गॅस्केट बदलल्याने गळती थांबते. परंतु आधी शिरलेले तेल आत तसेच राहते. ते काढले नाही, तर एंजिन पुन्हा अतितप्त होते आणि नवे गॅस्केटही निकामी होऊ शकते. म्हणून शुद्धी हा दुरुस्तीचाच अविभाज्य भाग होय.

रचना : द्रवाने थंड होणाऱ्या एंजिनात सिलिंडर ठोकळा व शीर्ष यांतील पोकळ मार्गांतून शीतक द्रव पंपाने खेळवतात. तप्त झालेला द्रव रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतून जाताना आपली उष्णता बाहेरील हवेला देतो. द्रवाचा काही भाग गाडीच्या आतील हवा तापविणाऱ्या हीटरमधून फिरतो. थर्मोस्टॅट ही झडप एंजिन तापेपर्यंत रेडिएटरचा मार्ग बंद ठेवते. ती बहुधा ८०° ते ९०° से. तापमानास उघडू लागते. तंत्राच्या झाकणामुळे आत वातावरणापेक्षा सु. १ किग्रॅ./सेंमी.२ इतका जादा दाब राहतो व पाण्याचा उकळबिंदू सु. १२०° से.पर्यंत वाढतो.

ठोकळा व शीर्ष यांच्यामध्ये आवळून बसविलेले गॅस्केट ज्वलन वायू, तेल व शीतक या तिन्हींना एकमेकांपासून अलग ठेवते. पूर्वी ते तांबे व ॲस्बेस्टस यांचे करीत. अलीकडच्या अनेक एंजिनांत पोलादी पत्र्याच्या अनेक थरांचे गॅस्केट वापरतात.

दोषाची कारणे व परिणाम : अनेक एंजिनांत ठोकळा बिडाचा, तर शीर्ष ॲल्युमिनियमाचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते. एंजिन अतितप्त झाले की शीर्ष वाकते, गॅस्केटवरील दाब सर्वत्र सारखा राहत नाही आणि ते कमकुवत जागी फुटते. चालू एंजिनात तेलाचा दाब सामान्यतः शीतकाच्या दाबापेक्षा पुष्कळ जास्त असल्याने तेल शीतकात शिरते. एंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब लगेच नाहीसा होतो, पण तप्त शीतकाचा दाब काही काळ टिकतो. त्या वेळी शीतक तेलात झिरपू शकतो. अशा रीतीने एकाच दोषाने दोन्ही तंत्रे दूषित होऊ शकतात.

पंपाच्या घुसळण्याने तेल व शीतक यांचे ताकासारखे फिकट तपकिरी, चिकट पायस बनते. ते रेडिएटर व हीटर यांच्या अरुंद नळ्यांत साचून प्रवाह अडविते. तेलाची उष्णता-संवाहकता पाण्याच्या सु. एक-चतुर्थांश असल्याने धातूवर बसलेला त्याचा पातळ थरही उष्णतेच्या संक्रमणास अडथळा करतो. रबरी नळ्या तेलाने फुगतात व मऊ पडतात. उलट बाजूस, तेलात मिसळलेल्या ग्लायकॉलयुक्त शीतकामुळे वंगणक्रिया बिघडून भुजादंडाचे धारवे (बेअरिंगे) झिजतात.

निदान : शीतकातील तेल नेहमी गॅस्केटमधूनच येते असे नाही. तेल थंड करणारे उपकरण किंवा स्वयंचलित गतिपेटीचे तेल थंड करणारी, रेडिएटरमध्येच बसविलेली नळी यांतूनही ते येऊ शकते. गळतीचे स्थान निश्चित न करता केलेली शुद्धी व्यर्थ जाते. धुराड्यातून सतत येणारी पांढरी वाफ, शीतकाची कारणाविना घट व शीतकातून सारखे निघणारे बुडबुडे ही गॅस्केट निकामी झाल्याची लक्षणे होत. बुडबुड्यांतील वायू निळ्या दर्शक द्रवातून जाऊ दिल्यास कार्बन डाय-ऑक्साइडामुळे द्रवाचा रंग पिवळा होतो; यावरून ज्वलन वायूंची गळती ओळखता येते. शीर्ष काढल्यावर त्याचा पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे सरळ पट्टी व जाडीमापक पात्यांनी तपासतात.

शुद्धीची पद्धती : प्रथम दूषित शीतक काढून घेतात. शीर्ष उघडे असतानाच मार्गांतील दाट गाळ पुसून काढतात. रेडिएटर सुटा करून त्यात नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाणी सोडतात. त्यामुळे नळ्यांच्या तोंडाशी अडकलेला गाळ मागे ढकलला जातो. पाण्याचा दाब बेताचाच ठेवावा लागतो, अन्यथा नळ्यांचे सांधे उकलतात. प्रसरण टाकी वेगळी धुतात.

नवे गॅस्केट बसवून जोडणी पूर्ण झाल्यावर तंत्रात पाणी व कमी फेसाचा प्रक्षालक भरतात. फेस फार झाल्यास पंपात हवा अडकून अभिसरण थांबते. हीटरचा मार्ग पूर्ण उघडा ठेवून एंजिन नेहमीच्या तापमानापर्यंत चालवितात. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय द्रव रेडिएटरमधून फिरत नाही, म्हणून तो उघडल्यानंतरही काही मिनिटे एंजिन चालू ठेवतात. मग ते निवू देऊन द्रव काढून टाकतात. काढलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसेनासा होईपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. शेवटी प्रक्षालकाचा अंश जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुतात. फुगलेल्या रबरी नळ्या, थर्मोस्टॅट व झाकण बदलणे इष्ट असते.

गंज व क्षारांचे थर काढण्यासाठी सायट्रिक अम्लासारखे सौम्य अम्ल वापरतात. मात्र ते तेल काढल्यानंतरच वापरावे लागते, कारण तेलाच्या थराखाली अम्ल पोहोचत नाही. दाहक सोडा ॲल्युमिनियमाला खातो, म्हणून तो वर्ज्य आहे. रॉकेल वा पेट्रोल ज्वालाग्राही असून रबर खराब करते; तेही वापरू नये. तेलाच्या बाजूस दूषित तेल व गाळणी बदलून एंजिन थोडा वेळ चालवितात आणि तेल व गाळणी पुन्हा एकदा बदलतात.

पुनर्भरण : एथिलीन ग्लायकॉल व शुद्ध पाणी यांचे समभाग मिश्रण सु. −३७° से.ला गोठते. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात गोठण्याचे भय नसले, तरी मिश्रणाचा वाढीव उकळबिंदू व त्यातील गंजरोधक द्रव्ये यांची गरज असतेच. विहिरीचे वा कूपनलिकेचे कठीण पाणी भरल्यास उष्ण पृष्ठांवर कॅल्शियम व मॅग्नेशियम लवणांचे थर बसतात. म्हणून ऊर्ध्वपातित किंवा लवणरहित पाणी वापरतात. भरताना आत अडकलेली हवा काढून टाकणे आवश्यक असते. हवेचा फुगा राहिल्यास तेथील धातू अतितप्त होतो. पुढे काही दिवस शीतकाची पातळी व रंग तपासतात. धातूला चिकटून राहिलेले तेल या काळात पुन्हा वर आल्यास तंत्र आणखी एकदा धुवावे लागते.

दक्षता : एंजिन तप्त असताना झाकण उघडल्यास दाब एकदम कमी होऊन द्रव उसळतो व गंभीर रीत्या भाजते. जुन्या ॲस्बेस्टसयुक्त गॅस्केटचे अवशेष कोरडे खरवडू नयेत. त्यांची धूळ श्वासावाटे जाणे घातक असते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असून ते पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. मुले व पाळीव जनावरे यांना त्याचा विशेष धोका असल्याने काढलेला द्रव उघड्या भांड्यात ठेवू नये आणि गटारात वा जमिनीवर ओतू नये. भारतात वापरलेल्या तेलाची विल्हेवाट घातक अपशिष्टांविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार करावी लागते. तेलमिश्रित धोवणही बंद भांड्यात साठवून अधिकृत संकलकाकडे सोपविणे योग्य ठरते.