‘औषधा’चं बिल कसं वाचावं?

2017 च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन विसावर शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. हे ‘शेकडो’ दवाखान्याच्या रजिस्टरवरचे. मळमळ अंगावर काढून घरीच पडून राहिले, ते कुठल्याच आकड्यात नाहीत.

फवारणीच्या या ‘औषधा’चं, म्हणजे कीटकनाशकाचं, कृषी केंद्रातून पक्कं बिल घ्याच. 1,180 रुपयांच्या बिलात कीटकनाशकाची किंमत 1,000 आणि 18 टक्के जीएसटी 180. दुकानदार स्वतः भरलेल्या कराची वजावट घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, म्हणून एकरी खर्चात पूर्ण 1,180 मांडा. फवारणीची मजुरीही त्यातच धरा. घरच्या माणसाने फवारलं म्हणून ती फुकट होत नाही. बॅच नंबर बिलावर नसेल तर लिहून मागा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

डब्यावरचा तिकोनी रंगही बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत विषबाधेने मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात, पण हे संरक्षण खातेदाराला किंवा त्याच्या कुटुंबातल्या एकालाच. रोजाने पंप पाठीवर घेणाऱ्या भूमिहीन मजुराचं नाव सातबारावर नसतं. या योजनेची मोठी उणीव ती हीच.

फवारताना गरगरलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पंप तिथेच टाका, कपडे बदला, अंग साबणाने धुवा. आणि दवाखान्यात जाताना डबा सोबत न्या. डॉक्टरांना आधी विषाचं नाव लागतं.