आशेरची मुलगी सेरह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एरंडोलला पाहुणा आला की त्याला पांडववाडा दाखवतात आणि सांगतात, हीच महाभारतातली एकचक्रा नगरी. पद्मालयाजवळ भीमानं बकासुराला मारलं, हेही ओघानं येतं. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातलं एकचक्रा गावही हाच मान सांगतं. ग्रंथात नुसतं नाव असलं, की लोक त्याला गाव देतात, कथा देतात. बायबलमधल्या इस्राएलच्या 12 वंशांच्या यादीतल्या सेरहचंही असंच झालं.

सेरह म्हणजे अब्राहामाची बायको सारा, हा पहिला घोटाळा. सेरह ही याकोबाची नात, 12 वंशांपैकी एकाचा मूळपुरुष असलेल्या आशेरची मुलगी. हिब्रूत दोन्ही नावांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. सारामधल्या 'हे'चा डावा पाय वरच्या रेघेपासून किंचित सुटा असतो, सेरहमधल्या 'खेत'चा जोडलेला. एवढ्याशा फटीवर दोन बायकांची ओळख अवलंबून आहे. बायबलच्या 1611च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरातही गणनेच्या पुस्तकात तिचं नाव साराच छापलं गेलं.

ती शेकडो वर्षं जगली, असं बायबल सांगतं, हा दुसरा समज. बायबल असं काहीच सांगत नाही. उत्पत्ती 46:17, गणना 26:46 आणि पहिला इतिहास 7:30, या तीन ठिकाणी तिचं नाव येतं, बस्स. पण पहिली यादी मिसरात गेलेल्यांची आणि दुसरी तिथून सुटल्यानंतरच्या शिरगणतीची. दोन्हींत एकच नाव, म्हणजे ती मधली सगळी वर्षं जिवंत असणार, असं पुढच्या ज्यू भाष्यकारांनी ताडलं. मग याकोबाचा हरवलेला मुलगा योसेफ जिवंत असल्याची बातमी तिनं वाद्य वाजवत गाऊन याकोबाला दिली आणि योसेफाची शवपेटी नाईलमध्ये कुठं आहे ते लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेला दाखवलं, अशा कथा रचल्या गेल्या. इराणात इस्फहानजवळ पीर बक्रानला तिची मानली जाणारी समाधीही आहे. मला या कथा फार आवडतात, पण त्या बायबलच्या नावावर खपवू नयेत.

वंशावळीत बायकांना जागाच नव्हती, हेही सरसकट खरं नाही. याकोबाबरोबर मिसरात गेलेल्या 70 जणांच्या यादीत त्याच्या वंशातल्या दोघी नावानिशी आहेत: दीना आणि सेरह.

आता आपल्याकडचं. रायगडातले बेने इस्राएली ज्यू घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आशेरला मिळालेल्या आशीर्वादात तेलाचा उल्लेख आहे, तेवढ्यावरून काहींनी त्यांना आशेरचे वंशज ठरवलं. पण बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. त्या नावात कुठलाच एक वंश नाही. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावंही कोकणातल्या गावांची. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशी दोन्ही मुळं आढळली. वंशाचं नाव मात्र त्यातून कळत नाही. त्यामुळे सेरहचे भाऊबंद कोकणात उतरले असं कुणी सांगितलं, तर कोणत्या वंशावळीत ते लिहिलंय, एवढं जरूर विचारा.