गोटहार्डची मगर, बोरघाटाचा खेकडा

आगगाडीची मॉडेलं जमवणाऱ्या, चालवणाऱ्या माणसाला त्याच्या कपाटातलं सगळ्यात लाडकं इंजिन कोणतं असं विचारलं, तर उत्तर ‘मगर’ असं येण्याची शक्यता बरीच असते. दोन्ही बाजूंना लांब, निमुळती नाकं आणि मधे उंच केबिन. नाकं धडाला पक्की जोडलेली नाहीत, त्यामुळे वळण आलं की इंजिन अंग मुरडून जातं. चाकांच्या बाहेरून जाडजूड दांडे फिरत असतात. विजेवर चालणाऱ्या इंजिनाला असे दांडे आता कुठे दिसत नाहीत. म्हणूनच ही मगर एकदा पाहिली की डोक्यातून जात नाही.

खरी मगर स्वित्झर्लंडची. गोटहार्डच्या डोंगरातली रेल्वे १९२०च्या सुमारास विजेवर आली आणि जड मालगाड्या चढावर ओढायला विंटरथूरच्या कारखान्यात ही इंजिनं बांधली गेली. त्यांचं कागदोपत्री नाव ‘सीई ६/८’. त्या काळी जोरकस मोटर लहान करता येत नसे. चाकांच्या मधे ती मावेना, म्हणून दोन-दोन मोटरी दोन्ही नाकांत बसवल्या आणि त्यांचा जोर दांड्यांमार्फत चाकांपर्यंत पोचवला. ट्रान्सफॉर्मर आणि ड्रायव्हर मधल्या धडात. मगरीचा आकार कुणी हौसेने काढलेला नाही, तो अडचणीतून आला. मॉडेल करणाऱ्यांना ही इंजिनं का भुरळ घालतात याचं एक कारण मला इथे दिसतं: यातला प्रत्येक भाग कशासाठी आहे ते बाहेरूनच कळतं.

आता नकाशावरून बोरघाटात या. गोटहार्डचा सर्वांत तीव्र चढ हजाराला सत्तावीस, म्हणजे सदतीस फुटांना एक फूट. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या आपल्या घाटाचा चढही सदतिसाला एक. जीआयपी रेल्वेने १९२९मध्ये कल्याण-पुणे मार्गावर वीज आणली, तेव्हा मालगाड्यांसाठी जी इंजिनं घेतली त्यांतली पहिली त्याच विंटरथूरहून आली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. एकूण एक्केचाळीस. पुढे त्यांना ‘डब्ल्यूसीजी-१’ हे नाव मिळालं, पण रेल्वेची माणसं त्यांना खेकडा म्हणत. उभं असताना हे इंजिन कण्हल्यासारखा आवाज करी आणि चालताना त्याच्या दांड्यांची सळसळ ऐकू येई. त्यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. विल्सन हे १९२३ ते १९२८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईत सीएसएमटीच्या आवारातही एक खेकडा जपलेला आहे. मगर आणि खेकडा एकाच घराण्यातले. मगरीच्या पुढे-मागे वाट दाखवणारी लहान चाकं आहेत, खेकड्याला ती नाहीत. एकीला १५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह, दुसऱ्याला दीड हजार व्होल्टचा डीसी. नाक-धड-नाक हा आराखडा मात्र तोच.

मॉडेलच्या जगात या दोघांची नशिबं अगदी वेगळी निघाली. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावात १८५९मध्ये थिओडोर मार्कलिन यांनी खेळण्यांचा धंदा सुरू केला. पत्र्याची, बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली भांडीकुंडी ते करत. १८६६मध्ये ते वारल्यावर पत्नी कॅरोलिन यांनी धंदा सांभाळला, आणि १८९१च्या लाइपझिगच्या जत्रेत मुलांच्या पिढीने चावीवर चालणारी रेल्वे मांडली. त्यात खरी नवी गोष्ट इंजिन नव्हती. ठरावीक मापाचे रूळ ही होती. एकदा रुळांचं माप ठरलं की यंदा इंजिन घ्या, पुढच्या वर्षी दोन डबे, त्याच्या पुढच्या वर्षी सांधे आणि वळणं. सगळं एकमेकांत बसणार. संग्रह करण्याचा छंद त्या मापातून जन्मला असं मी मानतो. १९३५मध्ये याच कंपनीने टेबलावर मावेल अशी लहान रेल्वे आणली. आज ‘एचओ’ म्हणतात ते हे माप: खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर. याच मापातली मगर १९४७मध्ये ‘सीसीएस ८००’ या नावाने आली, पुढे ३०१५ या क्रमांकाने विकली गेली, आणि तिचे नवनवे अवतार आजही निघतात. मधल्या काळात कंपनीवर २००९मध्ये दिवाळखोरीही ओढवली. ग्राहक तरीही मगरी घेतच राहिले.

हे इंजिन हातात घेतलं की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. खरी मगर १२८ टनांची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सत्त्याऐंशीने कमी केल्यावर हिशोबाने तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या आत यायला हवं. ओतीव धातूचं मॉडेल त्याहून खूप जड असतं, आणि ते तसं मुद्दाम केलेलं असतं. दोनशे ग्रॅमच्या इंजिनाची चाकं डबे जोडताच जागेवर फिरली असती. तेवढ्यानेही भागत नाही म्हणून काही चाकांवर बारीक रबरी कडी चढवलेली असते. वळणाचा हिशोब तर याहून गमतीचा. गोटहार्डवरचं तीव्र वळण २८० मीटर त्रिज्येचं. ते एचओत आणायचं तर त्रिज्या सव्वातीन मीटर हवी, म्हणजे पूर्ण फेरीला दिवाणखानाच काय, सभागृह लागेल. मार्कलिनचं घरगुती वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं आहे. खऱ्या जगात ते एकतीस मीटर झालं असतं आणि त्यावरून कुठलीही मगर गेली नसती. मॉडेलच्या मगरीला खरीपेक्षा कितीतरी जास्त वाकावं लागतं, म्हणून नाक आणि धड यांच्यात फट जास्त ठेवावी लागते. सरळ रुळावर ती फट डोळ्यांत खुपते. वळणावर तीच इंजिन वाचवते.

या छंदात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. मॉडेल म्हणजे खऱ्याची नुसती लहान आवृत्ती नसते. कुठे खरं राहायचं आणि कुठे तडजोड करायची, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, आणि त्याने काय ठरवलं ते इंजिन चालताना कळतं. खोक्यात ठेवलेलं इंजिन याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून केवळ खोकं, त्यावरचं लेबल आणि न उघडलेली पिशवी यांची किंमत करणाऱ्या संग्राहकांशी माझं फारसं पटत नाही. त्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. जुन्या मॉडेलचा मूळ रंग खरवडून नवा देऊ नये. चाळीस-पन्नास वर्षांच्या रंगावर पडलेले ओरखडे हा त्या वस्तूचा इतिहास असतो, आणि तो एकदा गेला की परत येत नाही.

जुन्या इंजिनांना एक खरा रोगही होतो. युद्धापूर्वी ओतकामाच्या जस्तात शिसं मिसळलं गेलं की तो धातू वर्षानुवर्षं आतून फुगत जातो, तडे जातात आणि शेवटी भुगा होतो. त्यावर औषध नाही. त्या काळातलं इंजिन घेताना भिंगाखाली चौकट तपासायची, कडा वाकलेली दिसली की हात आवरायचा. आपल्याकडे याखेरीज पावसाळा असतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवलेली बरी. आणि पावसाळा संपल्यावर चालवण्याआधी चिकट झालेलं जुनं तेल काढायचं. आसाच्या टोकाला सुईने एक थेंब, गियरला एक थेंब. जास्तीचं तेल मोटरच्या ब्रशपर्यंत गेलं की तिथे काळा राडा होतो आणि इंजिन धक्के खात चालतं.

वीज घेण्याची मार्कलिनची पद्धत इतरांपेक्षा वेगळी. बहुतेक कंपन्यांत एक रूळ धन, एक ऋण. मार्कलिनमध्ये दोन्ही रूळ एकाच बाजूचे, आणि दुसरी बाजू रुळांच्या मधल्या बारीक खिळ्यांतून येते. इंजिनाच्या पोटाखाली पातळ पट्टी असते, ती त्या खिळ्यांवरून घसरत जाते. गाडी गोल फिरून त्याच रुळावर उलटी आली तर दोन रुळांच्या पद्धतीत शॉर्टसर्किट होतं, इथे काही होत नाही. दिशा बदलायला जुन्या इंजिनांना चोवीस व्होल्टचा क्षणभर झटका द्यायचा, आतली रिले खट्कन पलटायची आणि दिवे चमकायचे. १९८०च्या दशकात डिजिटल आलं. आता रुळांत वीज कायम असते, आज्ञा आकड्यांत जातात आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर फक्त आपला पत्ता आला की ऐकतो. नवा डीकोडर कारखान्यातून ‘३’ हा पत्ता घेऊन येतो, तो आपण बदलायचा. सहसा इंजिनाचा खरा नंबरच पत्ता म्हणून देतात. भारतीय इंजिनांचे नंबर पाच आकडी आणि बहुतेक कंट्रोलर ९९९९च्या पुढे जात नाहीत, म्हणून आपण शेवटचे चार आकडे घेतो.

पत्त्यापेक्षा महत्त्वाचे आकडे पुढचे: सुटताना किती व्होल्ट, वेग किती सावकाश चढावा, किती सावकाश उतरावा, कमाल किती. खरी मगर ताशी ६५ किलोमीटरने जायची. मॉडेलमध्ये तो वेग सेकंदाला जेमतेम एकवीस सेंटिमीटर. नवख्याला हे रांगणं वाटतं आणि तो नॉब पिळतो. कमाल वेग तिथेच बांधून टाका आणि मग बघा: दांडे एकेक करून वर येताना दिसतात, नाक वळणात आधी शिरतं, धड मागून येतं, मागचं नाक अजून सरळ रुळावर असतं. मागे पंधरा वाघिणी असतील तर इंजिन ओझं ओढतंय असं वाटायला लागतं.

आपल्याकडे एचओच्या गाड्या चालताना बघायच्या तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल संग्रहालय आहे. भाऊ जोशींनी उभं केलेलं हे संग्रहालय १९९८पासून लोकांना खुलं आहे. पूल, सिग्नल, फाटकं, दिवे लागलेलं गाव आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. लहान मुलांना आधी तिथे न्यावं, मग दुकानात.

मराठी माणसाला मात्र कधीतरी वाटतंच की आपल्या रुळांवर आपला खेकडा असावा. बड्या कंपन्यांच्या यादीत भारतीय इंजिनं अगदी थोडी, त्यामुळे हे काम स्वतःच्या टेबलावरच होतं. पहिला पेच रुळांचा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. सत्त्याऐंशीने भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात, आणि बाजारातले रूळ साडेसोळाचे. त्यावर बरोबर मापाचा खेकडा ठेवला तर अंगाने रुंद इंजिन अरुंद रुळांवर उभं केल्यासारखं दिसतं. दुसरा मार्ग, साडेसोळालाच ब्रॉडगेज मानून सगळं १:१०२च्या आसपास करायचं. इंजिन प्रमाणात दिसतं, पण बाजारातली माणसं, झाडं, घरं त्याच्याशेजारी राक्षसी होतात. तिसरा, सव्वाएकोणीसचे रूळ हाताने घालायचे, सांधे स्वतः घासायचे, आणि आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या लेआउटवर गाडी नेता येणार नाही हे स्वीकारायचं. मी पहिल्या मार्गाचा माणूस आहे. समोरून पाहिलं तर चूक दिसते, बाजूने पाहिलं तर दिसत नाही, आणि आपण गाडी बहुतेक वेळ बाजूनेच बघतो.

साच्यासाठी सीएसएमटीला जाऊन फोटो काढायचे ते नाकासमोरून आणि बरोबर काटकोनात, शेजारी फूटपट्टी धरून. तिरक्या फोटोवरून मापं घेता येत नाहीत. पूर्वी अंग प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापून चिकटवत, खिडक्यांच्या चौकटी पितळेच्या. आता थ्री-डी प्रिंट काढतात. त्यावर आडव्या रेघा राहतात, त्या ओल्या पॉलिश पेपरने घासून काढाव्याच लागतात, नाहीतर रंगानंतर त्या जास्तच दिसतात. दांडे मात्र प्लॅस्टिकचे करू नयेत. ते वाकतात, आणि एका बाजूचा दांडा किंचित अडकला की सहा चाकं एकदम थांबतात. आधी मोटर काढून इंजिन काचेवर हाताने ढकलून बघायचं. कुठेही अडखळलं तर दांड्याचं भोक कणभर मोठं करायचं, आणि पुन्हा ढकलायचं. रंगानंतर घाटाची धूळ: ब्रेकच्या लोखंडाची तांबूस भुकटी चाकांपाशी दाट, वर जाताना विरळ.

सगळ्यात कठीण उरतो तो आवाज. मगरीचं काम सोपं आहे. एसबीबी हिस्टोरिक या स्विस संस्थेने काही मगरी चालत्या ठेवल्या आहेत, त्यामुळे खऱ्या इंजिनाचा आवाज डीकोडरमध्ये भरता येतो. खेकडे मात्र आता नुसते जपून ठेवलेले, बंद उभे आहेत, ते आवाज करत नाहीत. ते कण्हणं आणि दांड्यांची सळसळ ज्यांनी रोज ऐकली ती माणसं कल्याण, कर्जत, लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतींतून निवृत्त झाली. त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर चहा पाजून विचारावं की सुटताना आवाज आधी चढायचा की दांडे आधी हलायचे, चढावर तो बदलायचा का, पावसात चाकं घसरली की कसा यायचा. ते तोंडाने करून दाखवतील, ते फोनवर रेकॉर्ड करावं.